अहिल्याबाईंच्या पदरची माणसे

श्रावण वद्य चतुर्दशी जवळ आली म्हणजे आपल्या इंदूर शहरात देवी अहिल्याबाईंच्या पालखीची तयारी सुरू होते. ठिकठिकाणी व्याख्याने होतात, देवळांतून कीर्तने होतात, आणि त्या सर्वांत त्यांनी बांधलेल्या व जीर्णोद्धार केलेल्या देवालयांची यादी हटकून सांगितली जाते. काशीच्या विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली उभे राहिले, सोमनाथाचे १७८३ साली, गयेचे विष्णुपद १७८७ साली. ही यादी खरी आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे. तथापि शेकडो कोस दूर असलेल्या क्षेत्री, आपण जेथे कधी पाऊलही टाकले नाही अशा जागी, कारागीर, कारकून, पुजारी व मध्यस्थ यांच्या हातून पै न पै योग्य कामी लागावी, ही गोष्ट केवळ पुण्यबुद्धीने साधत नाही. त्यासाठी माणसे ओळखावी लागतात, ती टिकवावी लागतात, आणि धनी पाठमोरा असतानाही ती नीट वागतील असे त्यांचे मन घडवावे लागते. बाईंच्या चरित्राचा हा भाग आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही. या लेखात तोच सांगण्याचा विचार आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. १७५४ साली सुरजमल जाटाच्या कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. बाई सती जाण्यास सिद्ध झाल्या होत्या. वृद्ध सासऱ्यांनी पदर पसरून त्यांस मागे फिरविले. त्या वेळी बाईंचे वय तिशीच्या आतच होते.

मल्हाररावांनी सुनेला केवळ जगविले नाही, तर कामाला लावले, हे विशेष म्हटले पाहिजे. आपण मोहिमेवर असता मागचा वसूल, पत्रव्यवहार, फौजेला लागणारे सामान यांची जबाबदारी त्यांनी बाईंवर टाकली. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तोफखाना ग्वाल्हेरकडे न्यावा, तेथे दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेत चौक्या बसवाव्यात, अशा सूचना सुनेला दिलेल्या आढळतात. घरातील विधवा स्त्रीने कोपऱ्यात बसून जपमाळ ओढावी असे मानणाऱ्या काळात एक सेनापती आपल्या सुनेकडून तोफांची व्यवस्था मागतो, यात त्याची नजर दिसते. मल्हारराव स्वभावाने तापट होते, पण हाताचे मोकळे होते, आणि ज्याच्यावर एकदा विश्वास टाकला त्याच्या कामात उगाच बोट घालीत नसत. बाई राज्यकारभार शिकल्या त्या या शाळेत.

१७६६ सालच्या मे महिन्यात ग्वाल्हेर प्रांती आलमपूर येथे मल्हाररावांचा अंत झाला. नातू मालेराव सुभेदार झाले. पण त्यांची बुद्धी स्थिर नव्हती. माल्कम या इंग्रज ग्रंथकाराने नमूद केले आहे की, ब्राह्मणांना दान द्यावयाच्या वस्त्रांत व जोड्यांत विंचू सोडून ठेवावे आणि त्यांची तारांबळ पाहून हसावे, असला त्यांचा खेळ चाले. आईने दान द्यावे आणि मुलाने त्या दानात विंचू घालावा! वाड्यातील नोकरमाणसांची त्या महिन्यांत काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. कोणत्या क्षणी धनी काय करील याचा नेम नसला म्हणजे चांगले माणूस आधी गप्प होते, मग दूर होते, आणि जवळ उरतात ते केवळ तोंडपुजे. सुदैवाने म्हणावे की दुर्दैवाने, हा अंमल वर्षभरही टिकला नाही. १७६७ साली मालेराव वेडाच्या भरात आजारी होऊन वारले. आईने न्यायासाठी मुलाला रथाखाली अथवा हत्तीच्या पायी दिले, ही कथा कीर्तनांतून मोठ्या रंगात सांगितली जाते व श्रोतेही माना डोलवितात. तिला आधार नाही. पोटच्या वेड्या मुलाच्या उशाशी बसून त्याचा अंत पाहणारी आई ही त्या कल्पित कथेपेक्षा काही कमी थोर नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता गादीला वारस राहिला नाही. जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी असा घाट घातला की, बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतः नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे, आणि कारभार दिवाणांनी पाहावा. या मसलतीत त्यांनी राघोबादादांना ओढले. दादा फौजेसह उज्जयिनीला क्षिप्रेच्या काठी येऊन उतरले. बाईंनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रथम आपला हक्क स्पष्ट सांगितला: एका धन्याची पत्नी आणि दुसऱ्याची माता या नात्याने वारसाचा निर्णय करण्याचा अधिकार आपलाच आहे. मग त्यांनी होळकरांच्या सरदारांना व शिपायांना विश्वासात घेतले, शिंदे व भोसले यांच्याकडे माणसे पाठविली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, आणि स्वतः युद्धाची तयारी उघडपणे चालविली. शेवटी दादांना एवढेच कळविले की, एका स्त्रीला जिंकल्याने कीर्ती वाढणार नाही, आणि हार पत्करावी लागली तर मात्र तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही. राघोबादादा शूर होते, मानी होते, लौकिकास फार जपणारे होते. नेमका तोच धागा बाईंनी ओढला. शिंदे व भोसले यांनी दादांस साथ दिली नाही, पेशव्यांचा कौल बाईंच्या बाजूने पडला, आणि आपण केवळ मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो असे सांगून दादांनी वेळ निभावून नेली. बाईंनीही ते बोलणे खरे मानून त्यांस पाहुणा म्हणून इंदुरास बोलाविले व सन्मान केला. शत्रूला परतीची वाट ठेवावी हे शहाणपण पुष्कळ जिंकलेल्या सेनापतींनाही सुचत नाही.

सत्ता हाती आल्यावर बाईंचा पहिला निर्णय हा त्यांच्या साऱ्या कारकीर्दीतील सर्वांत अवघड असावा. स्वतः रणांगणावर जाऊन फौज चालवावी असा तो काळ व ती परिस्थिती नव्हती. सेनापती नेमल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि सेनापती नेमावा तर तो उद्या राज्य बळकावणार नाही याची खात्री कोण देणार? त्यांनी तुकोजी होळकरांना निवडले. तुकोजी होळकर कुळातीलच, परंतु मल्हाररावांचे जवळचे नातलग नव्हत. पागेवरचा विश्वासू, साध्या वागणुकीचा शिपाईगडी अशी त्यांची ख्याती होती. बाईंनी त्यांस फौज दिली, सुभेदारी दिली, मान दिला. खजिना व मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला. तुकोजी वयाने बाईंपेक्षा थोडे मोठेच होते, तरी ते बाईंना मातोश्री म्हणत, आणि त्यांच्या शिक्क्यावर ते मल्हाररावांचे पुत्र असल्याचे कोरलेले होते. वयाने धाकटी आई आणि वयाने थोरला मुलगा! हे नाते कागदावर विनोदी वाटेल. पण या एका शब्दामुळे दोघांनाही एकमेकांपुढे कमीपणा घ्यावा लागला नाही. तुकोजींना पगारी नोकर व्हावे लागले नाही, आणि बाईंना सेनापतीपुढे याचना करावी लागली नाही.

हे सर्व गोड गोड चालले असे मात्र कोणी समजू नये. तुकोजी दख्खनेत असले म्हणजे सातपुड्याच्या दक्षिणेकडील महालांची व्यवस्था ते पाहत आणि माळव्याचा कारभार बाई पाहत. ते हिंदुस्थानात उतरले म्हणजे तिकडील खंडण्यांचा वसूल त्यांच्याकडे असे. एवढ्या अंतरावर, इतकी वर्षे, दोघांचे हिशेब जुळणे कठीण होते. फौजेचा खर्च भागत नाही म्हणून तुकोजी पैसा मागत. पूर्वीच्या पैशाचा झाडा दिल्याशिवाय नवा पैसा निघणार नाही असे महेश्वराहून उत्तर जाई. पारसनिसांनी प्रसिद्ध केलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे चाळली असता हा ताण ठिकठिकाणी जाणवतो. काही इतिहासकारांनी या दुहेरी कारभारास दोष दिला आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. शिंद्यांची फौज पाश्चात्य पद्धतीने कवायती होत असताना होळकरांची फौज जुन्याच चालीने राहिली, आणि १७९३ साली लाखेरीच्या लढाईत तुकोजींस त्याचे फळ भोगावे लागले. बाईंचा हात दानधर्मास जितका सैल होता तितका तो फौजेस सैल नव्हता. भक्तिभावाने लिहिणारे लेखक ही गोष्ट गाळतात. पण ती गाळून बाईंचा मोठेपणा वाढत नाही. इतका खटका असूनही दोघांनी ते नाते जवळजवळ अठ्ठावीस वर्षे तुटू दिले नाही, ही त्यातील नवलाची गोष्ट आहे. बाईंनी तुकोजींच्या जागी दुसरा सेनापती आणला नाही, आणि तुकोजींनी हाती फौज असूनही महेश्वरावर चाल केली नाही.

एका प्रसंगाने या नात्याचे दोन्ही पदर स्पष्ट होतात. इंदुरात देवीचंद नावाचे एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारले. तुकोजींचा तळ तेव्हा शहराजवळ होता. आसपासच्या लोकांनी कान भरले, आणि त्या संपत्तीत वाटा घ्यावा असे तुकोजींच्या मनात आले. निपुत्रिकाचे धन सरकारजमा करणे ही त्या काळी नवी गोष्ट नव्हती. सावकाराची विधवा धावत महेश्वरी गेली. बाईंनी तिचे सर्व म्हणणे ऐकून घेतले, तिला वस्त्रे देऊन नवऱ्याच्या घराची व मिळकतीची मालकीण ठरविले, आणि तुकोजींस हुकूम पाठविला की, तळ उठवून शहरापासून दूर जावे व शहरास उपद्रव देऊ नये. तुकोजी निमूटपणे हलले. या हुकुमात सेनापतीचा अपमान करणारा शब्द घालणे बाईंना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. जेवढे काम होते तेवढेच सांगितले. इंदुरच्या पेठेतील प्रत्येक सावकाराने त्या दिवसापासून आपली तिजोरी येथेच ठेवण्याचा निश्चय केला असेल, यात संशय नाही. मल्हाररावांच्या काळात लहानसे असलेले इंदूर पुढे भरभराटीचे शहर झाले ते अशा हुकुमांमुळे.

मुलकी कारभारात बाईंची रीत अगदी साधी होती. माणूस पारखून नेमावा, आणि नेमल्यावर वारंवार हलवू नये. त्यांच्या जवळजवळ साऱ्या कारकीर्दीत गोविंदपंत गानू हेच त्यांचे कारभारी राहिले. इंदुरचे कमाविसदार खंडेराव हे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागेवर होते. त्या शतकात ही गोष्ट किती विरळा होती हे ध्यानात घेतले पाहिजे. इतर दरबारांत कमाविसदारी ही लिलावातील वस्तूसारखी होती. यंदा एकाने जास्त नजराणा दिला, त्याला महाल मिळाला. पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याहून जास्त दिला, पहिला निघाला. अशा अधिकाऱ्याने वर्षाच्या आत आपला नजराणा व्याजासह वसूल करावा आणि रयत नागवावी, हे ओघानेच येते. ज्याला वीस वर्षे त्याच रयतेत बसावयाचे आहे तो विहिरी बुजू देत नाही आणि कुणब्याचा बैल विकावयास लावीत नाही. बाईंनी सारा बेताचा ठेवला, पाटील-कुळकर्णी व जमीनदार यांच्या वतनी हक्कांना धक्का लावला नाही, आणि मग अधिकाऱ्याकडून चोख कामाची अपेक्षा केली.

त्यांची दिनचर्या एका वृद्ध सेवकाने सांगितलेली माल्कमच्या ग्रंथात आली आहे. सूर्योदयाच्या घटकाभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनच्या सुमारास पांढरी वस्त्रे नेसून दरबारात येणे. सूर्यास्तापर्यंत दरबार चाले. सायंकाळची पूजा व अल्पाहार झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा काम. पडदा नव्हता. कोणीही यावे, आपले गाऱ्हाणे सांगावे. सगळेच तंटे त्या स्वतः निवाडीत असे नाही. पुष्कळ तंटे पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे सोपविले जात. पण ऐकून मात्र त्या स्वतः घेत. धन्याने ऐकून घेतले आहे एवढे कळले तरी कारकून कागद दडपीत नाही, आणि फिर्यादीही अर्धा शांत होतो. आपल्या संस्थांच्या कार्यालयांतून तक्रार ऐकण्याआधीच ती कोणत्या टेबलाची आहे याचा वाद सुरू होतो, ते पाहिले म्हणजे महेश्वरचा तो दरबार डोळ्यांपुढे येतो.

हुकुमांवर स्वतःचे नाव न घालता श्रीशंकराच्या आज्ञेने ते निघत, हे सर्वश्रुत आहे. भाविक वाचक यात भक्ती पाहतात, आणि ती होतीच. पण यात कारभाराचेही एक मर्म आहे. राज्य शंकराचे म्हटल्यावर बाईसुद्धा त्या राज्यात कारभारीच ठरतात. कमाविसदाराकडून जो हिशेब मागावयाचा, तोच हिशेब आपणही कोणास तरी देणे लागतो, असे वरच्या माणसाने मानले म्हणजे खालच्या माणसाला हिशेब देण्यात अपमान वाटत नाही.

त्यांच्याजवळ वावरलेल्या लोकांनी त्यांचा स्वभाव प्रसन्न होता व त्या क्वचितच रागावत असे सांगितले आहे. मात्र दुष्टपणा किंवा अपराध पाहून राग आला म्हणजे अत्यंत मर्जीतला सेवकही समोर जाण्यास कापत असे, असेही तेच लोक सांगतात. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. जो सदैव रागावतो त्याच्या रागाची सवय होते, आणि जो कधीच रागावत नाही त्याचा फायदा घेतला जातो. बाईंचा राग दुर्मिळ होता व त्याला कारण असे. म्हणून तो राग राज्याच्या उपयोगी पडला. स्तुतीच्या बाबतीत त्या याहून कडक होत्या. एका ब्राह्मणाने त्यांच्यावर स्तुतिपर ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे अखेरपर्यंत ऐकला, आपण एक दुबळी व पापी स्त्री असून या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले, आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्यास सांगितले. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. वाचकांस हे कठोर वाटेल. बिचाऱ्याने श्रम केले होते. पण दरबारातील प्रत्येक माणसाला त्या दिवशी कळले की, येथे स्तुतीची किंमत शून्य आहे; तेव्हा चढण्याची दुसरी वाट, म्हणजे कामाची, तीच धरावी. याउलट शाहीर अनंत फंदींची हकीकत पाहावी. फंदी महेश्वरी आले असता बाईंनी त्यांस तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याविषयी सांगितले व त्यांनी ते मानले, असे परंपरा सांगते. एकाचा ग्रंथ बुडविला आणि दुसऱ्याची वाणी तारली. ज्याच्या अंगी खरा गुण होता त्याला बाईंनी हाकलले नाही, वळविले.

खरगोणची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तापीदास व बनारसीदास या सावकार बंधूंच्या विधवा, मागे वारस नाही म्हणून, आपली सर्व संपत्ती बाईंना अर्पण करावयास आल्या. बाईंनी ती घेतली नाही. तुम्हीच ती लोकांच्या उपयोगी व तुमच्या घराण्याचे नाव राहील अशा कामी लावा, असा सल्ला दिला. त्यातून कुंदी नदीवर घाट व गणपतीचे देऊळ झाले. दान घेणाऱ्याने दान नाकारून दात्यालाच कर्ता बनवावे, ही युक्ती आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी अवश्य विचारात घेण्यासारखी आहे.

भिल्लांच्या बाबतीतही त्यांची हीच दृष्टी होती. विंध्य-सातपुड्याच्या घाटांतून जाणारे काफिले लुटले जात. बाईंनी आधी समजुतीचे बोलणे लावले, ते चालेना तेव्हा काही म्होरक्यांस कठोर शासन केले. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. तिला भीलकवडी म्हणत. तो हक्क बाईंनी मान्य केला, पडीक जमिनी लागवडीस दिल्या, आणि त्याच्या बदली रस्त्याचे रक्षण व चोरीस गेलेल्या मालाचा तपास ही जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. कालचा लुटारू आजचा चौकीदार झाला. हे केवळ दया म्हणून केले असते तर टिकले नसते. त्यांच्या हक्काला हक्क म्हटले, म्हणून टिकले.

चाकरांच्या सुखदुःखाकडे त्यांचे लक्ष बारीक होते. थंडीच्या आरंभी आश्रितांना व दुबळ्यांना कपडे मिळत. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणी घेऊन माणसे बसविलेली असत. महेश्वराजवळच्या शेतांत औत चालू असता बाईंचा नोकर येऊन बैलांना थांबवून पाणी पाजी. पाखरांनी शेतकऱ्याच्या शेतावर पडून मार खाऊ नये म्हणून त्यांच्यासाठी शेते विकत घेऊन ठेवली होती. बाहेरून विणकर आणून त्यांनी महेश्वरी वसविले. त्यांच्या मागावरची महेश्वरी लुगडी अजूनही आपल्या घरांतून लग्नकार्यात नेसली जातात. दिसण्यात त्या मध्यम उंचीच्या, कृश, सावळ्या होत्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपवान होत्या. त्यांनी बाई कशा दिसतात हे पाहण्यासाठी एक स्त्री मुद्दाम पाठविली. तिने परत येऊन सांगितले की, नाकडोळे सुंदर नाहीत, पण मुखावर दिव्य तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातील पहिला भाग तेवढा मनात ठेवला व समाधान मानले.

या सर्व मनोनिग्रहाची खरी कसोटी १७९१ साली लागली. मुक्ताबाईंचा तरुण मुलगा आधीच वारला होता. त्यावर्षी जावई यशवंतराव फणसे वारले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. अहिल्याबाईंनी राणी म्हणून हुकूम केला नाही. आई म्हणून पायांवर लोळण घेतली, मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून विनविले. मुलीने शांतपणे उत्तर दिले की, आई, तुझे वय झाले, थोड्या वर्षांत तूही जाशील. मग मागे मी कोणासाठी राहू? सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या विनवणीने ज्या स्वतः चितेपासून मागे फिरल्या होत्या, त्यांची विनवणी त्यांच्याच मुलीने मानली नाही. ज्यांच्या एका पत्राने सेनापतीचा तळ हलत असे त्यांना ही एक रूढी हलविता आली नाही. हुकुमाचा अधिकार होता. तो त्यांनी का वापरला नाही, हा प्रश्न मनाला बोचतो. त्या काळाच्या समजुतीचा विळखा त्यांच्यावरही होता, एवढेच म्हणता येते. त्या प्रेतयात्रेबरोबर नदीपर्यंत चालत गेल्या. चिता पेटली तेव्हा दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, आणि त्या दुःखाने आपलेच हात चावीत होत्या. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात आल्या. तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत व अन्नही जवळजवळ घेतले नाही.

मग दरबार पुन्हा भरू लागला. मुलगी व जावई यांच्या स्मरणार्थ छत्रीचे काम सुरू झाले. पती, सासरे, मुलगा, नातू, जावई, मुलगी, सर्व गेल्यावर उरलेली चार वर्षे त्या दुपारी दोन वाजता पांढऱ्या वस्त्रांत येऊन बसत राहिल्या. ज्यांच्या घरी कोणी उरले नव्हते त्यांच्या दरबारी येणाऱ्या कुणब्याला आपल्या बैलाच्या तंट्यासाठी पूर्वीइतकाच वेळ मिळे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. पुढे दोन वर्षांनी तुकोजीही गेले. त्यानंतर वारसांचे तंटे माजले, आणि १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. ज्या शहरापासून स्वतःच्या सेनापतीला दूर हलविण्यात आले होते त्या शहराच्या पेठा जळाल्या. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. त्या सुमारास माळव्याच्या व्यवस्थेवर असलेल्या सर जॉन माल्कमने बाईंविषयी चौकशी सुरू केली. केवळ होळकरांच्या आश्रितांचे बोलणे ऐकून भागणार नाही म्हणून त्याने निरनिराळ्या जातिधर्मांच्या व निरनिराळ्या दरबारच्या लोकांना विचारले, आणि जितके अधिक विचारले तितकी स्तुतीच अधिक ऐकू आली असे १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले. त्यांना जाऊन तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यांच्या पदरी वाढलेली ती म्हातारी माणसे, नवे धनी आणि नवे अंमल पाहून झाल्यावरही, महेश्वरच्या दरबारात दिवे केव्हा लागत आणि रात्रीचे काम किती वाजता संपे हे तपशीलवार सांगू शकत होती.